चक्कर आली म्हणून काय झालं

लातूरच्या क्लासेसच्या गल्ल्यांत दोन-दोन वर्षं जीवशास्त्राचे प्रश्न सोडवले, नीटचा निकाल लागला, गावात पेढे वाटून झाले. मग कुणाला नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळतं, कुणाला लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, कुणी लातूरच्याच एमआयएमएसआर महाविद्यालयात जातं. पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी असते, म्हणजे थोड्याच दिवसांत ही सतरा-अठरा वर्षांची मुलं नवाकोरा पांढरा अ‍ॅप्रन घालून डिसेक्शन हॉलच्या दारात उभी राहतात. त्या रात्री घरून फोन येतो. "भेव नाही ना वाटलं?" पोरगं म्हणतं, "नाही, काहीच नाही."

हे 'काहीच नाही' पुष्कळदा खरं नसतं. ते खरं का नसतं आणि तसं का सांगावं लागतं, हे समजायचं तर आधी काही समजुती बाजूला सारायला हव्यात.

पहिला घोटाळा भाषेचाच आहे. मराठीत 'शवविच्छेदन' हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतो. वर्तमानपत्रात अपघाताच्या बातमीखाली येतं ते पोस्टमॉर्टेम. ते मृत्यूचं कारण शोधण्यासाठी असतं, ताज्या मृतदेहावर होतं आणि काही तासांत संपतं. पहिल्या वर्षाचं डिसेक्शन ही दुसरी गोष्ट. तिथला देह आधीच रोहिणीतून फॉर्मॅलिनयुक्त द्रव सोडून टिकवलेला असतो. रक्त वाहत नाही, स्नायू तांबूस-करडे झालेले असतात, आणि काम महिनोन्‌महिने चालतं. त्यामुळे "रक्त बघून घाबरला असेल" हा नातेवाइकांचा अंदाज चुकतो. "आत जाताना दारू पाजतात म्हणे" ही बसस्टँडवरची माहितीही तितकीच निराधार. मुलं नाश्ता करून, हातात मॅन्युअल घेऊन जातात. नाश्ता करूनच जावं, त्याचं कारण पुढे येईल.

मग त्रास कशाचा होतो? बहुतेकांना आधी वासाचा. फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइड या वायूचं पाण्यातलं द्रावण. तो वायू डोळ्यांना आणि नाकाला झोंबतो, पाणी येतं, आणि शेजारच्याला वाटतं ही रडतेय. वास केसांत आणि अ‍ॅप्रनमध्ये बसतो, मेसच्या ताटापर्यंत सोबत येतो. काही मुलं काही आठवडे मटणाकडे बघत नाहीत. तो नुसता किळस नव्हे. वासाची जाणीव मेंदूतल्या भावनांच्या केंद्रांशी फार जवळून जोडलेली असते, त्यामुळे वास आला की ते टेबलही आठवतं. फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवलेलं आहे. म्हणून हातमोजे, हवा खेळती ठेवणारे पंखे आणि उघड्या खिडक्या हे लाड समजू नयेत. डोळे चुरचुरतात अशी तक्रार करणाऱ्याला नाजूक म्हणणं अन्यायाचं आहे.

आता चक्कर. "चक्कर आली म्हणजे हा डॉक्टरकीच्या कामाचा नाही" हा या विषयातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात नुकसान करणारा गैरसमज. चक्कर येणं ही एक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मनाला धक्का बसला की व्हेगस ही दहावी कपाल-चेता हृदयाचा वेग एकदम कमी करते, पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त खाली साचतं, मेंदूला क्षणभर कमी पडतं आणि माणूस खाली बसतो किंवा पडतो. उपाशीपोटी, उकाड्यात, गुडघे ताठ करून बराच वेळ उभं राहिलं तर ही शक्यता वाढते. नाश्ता त्यासाठी. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली की लगेच बसावं, जमलं तर आडवं होऊन पाय वर घ्यावेत. दोन-चार मिनिटांत बरं वाटतं. यात धैर्याचा कुठेच संबंध नाही. गंमत अशी की ज्या व्हेगसमुळे विद्यार्थी पडतो, तीच नस त्याला पुढे मान आणि छातीचं डिसेक्शन करताना स्वतःच्या हाताने शोधून दाखवायची असते.

शिसारीचंही तसंच आहे. चार्ल्स डार्विन १८२५ ते १८२७ या काळात एडिनबराला वैद्यकशास्त्र शिकत होता. विच्छेदनाची त्याला शिसारी आली आणि त्याने ते सोडलं. पुढे आत्मचरित्रात त्याने खंत लिहिली की कुणी नेटाने सराव करायला लावला असता तर ती शिसारी लवकरच गेली असती, आणि तो सराव आपल्याला आयुष्यभर उपयोगी पडला असता. पहिल्या आठवड्यात 'मला जमणार नाही' असं वाटणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं. बहुतेकांचा सुरुवातीचा ताण काही आठवड्यांत उतरतो. काहींचा उतरत नाही. झोप लागत नाही, मिटल्या डोळ्यांसमोर तीच दृश्यं येत राहतात, वर्गात जाणं टाळावंसं वाटतं. असं असेल तर अंगावर काढू नये, शिक्षकांशी किंवा मानसोपचार विभागात बोलावं. तो विभाग त्याच आवारात असतो, तरी तिथवरचं अंतर मुलांना फार लांब वाटतं.

ते लांब का वाटतं, याचं उत्तर दुसऱ्या एका गैरसमजात आहे: "चांगल्या डॉक्टरचं मन मेलेलं असावं लागतं." सीनियर मुलं पहिल्याच आठवड्यात किस्से सांगतात. कुणी म्हणे हात पळवून रूममेटच्या गादीखाली ठेवला, कुणी म्हणे तिथेच बसून डबा खाल्ला. फ्रेडरिक हॅफर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये अशाच किश्श्यांवर शोधनिबंध लिहिला. हे किस्से सांगणाऱ्याने सहसा स्वतः पाहिलेले नसतात, पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेले असतात. इथे काय दाखवायचं आणि काय लपवायचं हे नव्या मुलांना त्यांतून शिकवलं जातं. मुलगा शिकतो की घाबरलेला माणूस म्हणजे हशाचा विषय. मग तो घरी 'काहीच नाही' म्हणतो. माझ्या मते नुकसान इथे सुरू होतं. हात न थरथरणं आणि मन न हलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सरावाने येते. दुसरी आली तर पुढे डॉक्टर वॉर्डातला रुग्णच गमावतो.

एक गोष्ट मुलं कुणी विचारल्याशिवाय सांगत नाहीत. छाती किंवा पोट उघडताना तितकं जड जात नाही, हात बघताना जातं. आपल्याकडे डिसेक्शनची सुरुवात बहुधा काखेपासून आणि हातापासून होते, डोकं-चेहरा शेवटी येतो. चेहरा झाकलेला असला तरी हात बोलतो. नखं, कामाने पडलेले घट्टे, बोटातल्या अंगठीचा वळ. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीतल्या बाईच्या मनगटावर हिरवं गोंदण असतं. त्याची शाई कातडीच्या आतल्या थरात बसलेली असते, ती फॉर्मॅलिनने जात नाही. आजीच्या हातावरही तेच असतं. तिथे चाकू थांबतो, आणि तो थांबला तर काही बिघडत नाही.

यानंतर मुलांच्या मनात येणारा प्रश्न: हे कोण होते, इथे कसे आले? गावाकडची समजूत अशी की देह 'विकत' किंवा 'पळवून' आणतात. वस्तुस्थिती कायद्यात आहे. मुंबई अ‍ॅनाटॉमी अधिनियम १९४९ चा. त्यानुसार ज्यांच्यावर कुणी हक्क सांगत नाही असे देह ठरलेल्या प्रक्रियेने महाविद्यालयांना देता येतात, आणि माणूस स्वेच्छेने देहदानही करू शकतो. दोन्हींत मोठा फरक आहे, आणि विद्यार्थ्यांना तो जाणवतो. देहदात्याने विचार करून होकार दिलेला असतो. बेवारस माणसाला कुणी विचारलेलंच नसतं, आणि तरी त्याच्याकडूनच सगळं शिकायचं असतं. ही टोचणी कुणी थट्टेने झटकू नये. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात 'मृतदेह हा आपला पहिला शिक्षक' या विषयावर पहिल्याच वर्षी स्वतंत्र सत्र ठेवलं आहे, देह हाताळतानाचा आदर हे शिकायचं कौशल्य म्हणून नोंदवलं आहे, आणि अनेक महाविद्यालयांत पहिल्या दिवशी शपथ घेतली जाते. थायलंडमध्ये अशा देहाला 'थोर गुरू' म्हणतात. तैवानच्या त्सू-ची विद्यापीठात विद्यार्थी दात्याच्या कुटुंबाला भेटतात, त्याचं आयुष्य जाणून घेतात आणि अखेरच्या निरोपालाही हजर असतात.

"आपल्या धर्मात हे बसत नाही, देह अपुरा राहिला तर गती मिळत नाही" असंही ऐकू येतं. पण सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात विच्छेदनाची रीतच दिलेली आहे. देह गवताने गुंडाळून पिंजऱ्यात घालायचा, वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवायचा आणि मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू थर सोडवत बघायचं. आपल्या जवळचं उदाहरण समाजसेवक नानाजी देशमुखांचं. जन्म १९१६ चा, हिंगोलीजवळच्या कडोळीचा, म्हणजे नांदेडच्या शेजारचा. २७ फेब्रुवारी २०१० ला चित्रकूटला ते गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दिल्लीच्या एम्सला देण्यात आला.

ज्यांना देहदान करायचं आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. नुसता फॉर्म भरून भागत नाही. प्रत्यक्ष वेळी घरच्यांनीच महाविद्यालयाला कळवायचं असतं, म्हणून आधी मुलांशी, सुनांशी बोलून ठेवावं. अपघात किंवा संशयास्पद मृत्यूत पोस्टमॉर्टेम झालं तर, किंवा काही संसर्गजन्य आजार असले तर देह सहसा घेत नाहीत. नेत्रदान करून देहदान करता येतं. आणि उशीर करू नये. मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर मुळीच नाही, कारण फॉर्मॅलिन वेळेत आत गेलं नाही तर तो देह पोरांना शिकवू शकत नाही.