दोन तारांचा पीळ

वेण्णेकाठच्या मेढ्यात वळीव आला की आधी वीज कडाडते, मग दिवे जातात. पॅनेलचं काम करणाऱ्या माझ्यासारख्याचा जीव तेव्हा पंपहाउसपासून टाकीपर्यंत गेलेल्या एका बारीक केबलमध्ये अडकलेला असतो. पंप चालू आहे का, टाकीत पाणी किती, ही सगळी विचारपूस पीएलसी, म्हणजे पॅनेलमधला कंट्रोलर, तिच्यातल्या पीळ घातलेल्या दोन तारांवरून करतो.

ही आरएस-४८५ची लाइन. मानक १९८३ सालचं. तिच्यावर बहुतेक ठिकाणी चालणारी मॉडबस ही भाषा त्याहून जुनी, मॉडिकॉन कंपनीने १९७९मध्ये आणलेली. मास्टर, म्हणजे इथे पीएलसी, उपकरणाचा नंबर घेऊन विचारतो, ज्याचा नंबर तोच उत्तर देतो. दोघांना एकच नंबर पडला तर दोघंही एकदम बोलतात आणि कुणाचंच कळत नाही.

पीळ कशासाठी? रिसीव्हर फक्त दोन तारांमधला फरक बघतो. ड्राइव्हचा, मोटरचा उपद्रव दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच चढतो, म्हणून फरकात तो उरत नाही. वेग कमी ठेवला तर लाइन १२०० मीटरपर्यंत जाते. मात्र दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये तफावत असते आणि मानकाची सूट उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच आहे. म्हणून सोबत कॉमनची तिसरी तार ओढावी. उघड्यावरून जाणाऱ्या लाइनला दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर हवाच.

जोडणी माळेसारखी: एका उपकरणातून पुढच्यात. मधूनच लांब फाटा काढला की सिग्नल त्याच्या टोकावर आपटून माघारी येतो. लाइनच्या टोकांवरही तसंच होतं, म्हणून त्या दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावतात. दोनच.

एका पाणी योजनेवर मी दोन दिवस घालवले. फ्लोमीटर कधी उत्तर द्यायचा, कधी नाही. नंबर तपासले, वेग तपासला, ए आणि बी अशी खूण असलेल्या दोन तारा उलटसुलट करून पाहिल्या, कारण ही अक्षरं सगळ्या कंपन्या एकाच अर्थाने छापत नाहीत. शेवटी सप्लाय बंद करून दोन तारांवर मल्टीमीटर धरला. साठ ओहमच्या आसपास यायला हवं होतं, चाळीस आलं. आदल्या वर्षी मीच लाइन पुढे वाढवली होती आणि जुन्या टोकाचा रेझिस्टर तिथेच राहिला होता. तो काढला. फ्लोमीटर उत्तर देऊ लागला.

आता केबल सोलताना पीळ टर्मिनलच्या अगदी जवळपर्यंत राखतो, फेरूल दाबल्यावर तार ओढून बघतो. आणि पॅनेलच्या दाराला आतून मार्करने लिहून ठेवतो: टोक इथे, दुसरं टोक टाकीवर.