कढई शिळ्या बांगड्याला ताजा करत नाही

मासळी बाजाराच्या कडेला टपरीवर तळलेला बांगडा खाताना एक वाक्य हमखास कानावर येतं: "अहो, तेलात पडला की सगळं मरतं." तळणारा म्हणतो, खाणारा म्हणतो. दुपारी उतरत्या भावात मिळालेला, सकाळपासून फळीवर उघडा पडलेला वाटा पिशवीत टाकतानाही हेच म्हटलं जातं. वाक्य अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त घातक.

तेलात जंतू मरतात, मान्य. पण बांगडा, तारली, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेला की कल्ल्यांतले आणि आतड्यातले जंतू मांसात पसरतात आणि उष्म्यात त्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करून टाकतात. हिस्टामिन हे रसायन आहे, जीव नव्हे. ते मरणार कसं? तळा, भाजा, तिरफळं घालून आमटी करा, फ्रीझरमध्ये गोठवा, एकदा तयार झालेलं हिस्टामिन जात नाही. वासावरूनही ते नेहमी कळत नाही. असा मासा कधीकधी जिभेला चुरचुरतो, पण मालवणी मसाला आणि रव्याच्या कुरकुरीत थराखाली ती चुरचुर कोणाच्या लक्षात येणार?

यावर "आमचे आजोबा तर असेच खायचे" हे उत्तर ठरलेलं. 'कोडेक्स' या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनी माशातल्या हिस्टामिनला किलोमागे 200 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, ती उगाच नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मार्गदर्शिका सांगते की हवा किंवा पाणी 28.3 अंश सेल्सियसच्या वर असेल, तर अशा जातीचा मासा मेल्यापासून सहा तासांच्या आत बर्फात गेला पाहिजे. मे महिन्यात कोकण किनाऱ्यावर दुपारी पारा कुठे असतो, हे मी सांगायला नको.

या गैरसमजाच्या पोटात दुसरा आहे. हिस्टामिन साचलेला मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, छाती धडधडते. मग माणूस ठरवतो, "मला बांगड्याची ॲलर्जी आहे," आणि आयुष्यभर बांगडा सोडतो. एकाच ताटातला मासा खाल्लेल्या तिघांना एकदम त्रास झाला, तर संशय आधी माशावर घ्यावा. निवाडा मात्र डॉक्टरांचा. आणि श्वास अडकत असेल तर थेट रुग्णालय गाठा.

म्हणूनच "बर्फातला मासा शिळा" हे ऐकलं की चीड येते. बर्फच या माशाला राखतो. उष्ण प्रदेशात किलोभर माशाला किलोभर बर्फ हे साधं प्रमाण. कल्ले लाल आहेत का ते जरूर बघा, पण कोळणीला "बर्फात कधीपासून आहे?" हेही विचारा. घरी आणल्यावर पोट लगेच साफ करा आणि आगळ-मसाला लावलेल्या तुकड्या ओट्यावर न ठेवता फ्रीजमध्ये मुरवा.

बाकीचे गैरसमज पटकन. माशावर दूध प्यायलं की कोड फुटतं, याला आधार नाही. कोडात शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्वचेतल्या रंगपेशींवर उलटते. लिंबू पिळल्याने मांस पांढरं पडतं, जंतू मरतीलच असं नाही. पावसाळ्यात मासा विषारी होत नाही. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते ती मासळीच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रापायी. कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा म्हणजे तिचं आतडं, विष नव्हे. पण कोळंबीची खरी ॲलर्जी असेल तर तळून ती टळत नाही, कारण तिच्यातलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही.

आणि "जुन्या तेलात चव उतरते" म्हणणाऱ्यांसाठी: तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने साचणारे घटक) 25 टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. कढईतलं तेल काळपट, चिकट दिसलं आणि त्यावर फेस धरत असेल, तर ते कधी बदललं हे टपरीवाल्याला बेलाशक विचारा.