मंदिरापासून मशिदीपर्यंत

साबरमती नदीच्या पूर्व तीरावर अहमदाबादचे जुने शहर वसले आहे. सुलतान अहमदशहाने इ. स. १४११ मध्ये त्याची स्थापना केली. पुढे येथे मोगल आले. त्यांच्यामागून आलेल्या मराठ्यांचा, म्हणजे पेशवे व गायकवाड यांचा, अंमल १८१७ पर्यंत टिकला. राज्ये आली आणि गेली. जुनी वस्ती मात्र अजून नांदती आहे. ती लोकांनी जाणत्या वाटाड्याबरोबर पायी हिंडून पाहावी, म्हणून तेथील महानगरपालिकेने १९९७ मध्ये ‘वारसा-फेरी’ सुरू केली. चला, आपणही त्या फेरीत सामील होऊ या.

फेरी सकाळी काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघते. हे मंदिर १८२२ मधले. त्याचे रंगीत, कोरीव लाकूडकाम डोळे भरून पाहावे आणि मग गल्लीत शिरावे. या गल्ल्यांना ‘पोळ’ म्हणतात. पोळ म्हणजे एक अरुंद वाट, तिच्या दोन्ही अंगांना खेटून उभी असलेली घरे आणि तोंडाशी एक भक्कम दरवाजा. पूर्वी हा दरवाजा रात्री बंद होत असे व त्यावरच्या खोलीत पहारेकरी बसे. वाट अरुंद का? समोरासमोरच्या घरांची सावली एकमेकांवर पडावी आणि गुजरातचे कडक ऊन खाली पोहोचू नये म्हणून!

लांबेश्वराच्या पोळीत कवी दलपतराम यांचे घर होते. आज तेथे त्यांचा बैठा पुतळा आहे. जणू ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करीत आहेत! पुढे हाजा पटेलांच्या पोळीत काळा रामजीचे मंदिर लागते, तेव्हा आपल्याला नाशिकच्या काळारामाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. वाटेत उंच खांबावर नक्षीदार छत्री दिसते. तो ‘चबुतरो’, म्हणजे पाखरांना दाणे टाकण्याची जागा. गल्लीत झाडाला जागा नव्हती, तरी पाखरांना आसरा मिळाला पाहिजे, ही जाणीव त्या लोकांना होती.

एखाद्या घरात डोकावलात, तर आपल्याकडील वाड्यासारखा चौक दिसेल. त्या चौकाखाली ‘टांके’ असते. उन्हाळ्यात साबरमतीचे पात्र आटत असे. म्हणून छपरावरचे पावसाचे पाणी नळाने या टाक्यात उतरवीत. पहिल्या पावसाचे पाणी वाहू देत, कारण त्यात छपरावरची धूळ असे. पुढचे स्वच्छ पाणी साठवून ते वर्षभर पिण्यासाठी वापरीत. भिंतींत विटांच्या थरांमध्ये लाकडी तुळ्या घातलेल्या असत. त्यामुळे भूकंपाचा धक्का बसला, तरी भिंत थोडी हलून तो सोसू शकते.

माणिक चौकाची गजबज ओलांडली, की फेरी जामा मशिदीत संपते. १४२४ मध्ये बांधलेल्या या मशिदीत २६० खांब व १५ घुमट आहेत. तिचे मनोरे १८१९ च्या भूकंपात ढासळले. तिथली कोरीव कमळे पाहताच आपण चकित होतो. अशी कमळे तर आपण मंदिरांत पाहतो! नगर वसविणारा सुलतान असला, तरी छिन्नी होती याच भूमीतील शिल्पकारांच्या हाती.

२०१७ मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारसा शहराचा मान दिला. भारतातील असे हे पहिलेच शहर. पण मान मिळाला म्हणून घरे टिकतात असे नाही. जुन्या लाकडी घराची डागडुजी खर्चाची असते. कित्येक कुटुंबे नदीपलीकडे राहावयास गेली. त्यांची काही घरे गोदामे झाली, तर काही पाडली गेली. घर पडले, की त्याखालचे टांकेही जाते आणि ते बांधण्याचे ज्ञानही विसरले जाते.

मुलांनो, जुना वाडा, विहीर किंवा नदीचा घाट तुमच्याही गावी असेल. तो कोणी बांधला, कशासाठी बांधला, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. ज्याची माहिती असते, त्याविषयी माया वाटते. आणि ज्याविषयी माया वाटते, ते सांभाळण्यास मनुष्य आपण होऊन पुढे येतो.