लोणी कोणतें?

जळोचीस आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब आहे. तेथील आजोबांनीं गेल्या भाऊबिजेस लोणी भापकर येथें राहणाऱ्या आपल्या वृद्ध भगिनीस साडी पाठविली. नातवंडें परगांवीं, तेव्हां पार्सलाचा पत्ता त्यांनीं स्वतःच एका वेबसाइटवर भरला. 'लोणी' हीं दोन अक्षरें लिहितांच खालीं नांवांची रांग उभी राहिली. आजोबांनीं त्यांतील पहिल्या 'लोणी'वर बोट ठेविलें. तें होतें लोणी काळभोर! पार्सल परत आलें तेव्हां दिवाळी उलटून गेली होती. आजोबांनीं दोष आपल्या डोळ्यांस दिला; आमच्या मतें दोष मांडणीचा होता.

लिहितां लिहितां पुढील शब्द सुचविण्याची ही सोय गूगलनें २००४ सालीं प्रयोगादाखल लोकांपुढें ठेविली. आज ती जिकडे तिकडे दिसते. परंतु पुष्कळ सूचना एकाखालीं एक ओतणें म्हणजे साहाय्य नव्हे. डाळी, मसाले व पापड एकाच डब्यांत भरून कोणती गृहिणी स्वयंपाकास लागेल?

एकट्या पुणें जिल्ह्यांत पाहा : लोणी भापकर बारामती तालुक्यांत, लोणी देवकर इंदापुरांत, लोणी काळभोर व लोणीकंद हवेलींत. हीं नांवें आपापल्या तालुक्याच्या मथळ्याखालीं मांडलीं असतीं, तर आजोबांची नजर आधीं 'बारामती'वर गेली असती. सात-बारा पाहतांना आपण प्रथम जिल्हा, मग तालुका, मग गांव निवडतों. तोच हा क्रम.

अशी मांडणी करणाऱ्यानें कांहीं पथ्यें पाळावींत. मथळा वाचण्यासाठीं असतो, निवडण्यासाठीं नव्हे. म्हणून बाणाची कळ दाबली असतां निवड मथळा ओलांडून नांवावरच यावी. ज्या गटांत नांव नाहीं, त्याचा मथळाही दिसूं नये. पडदा वाचून दाखविणारीं साधनें वापरणाऱ्या अंध बंधुभगिनींस गटाचें नांव ऐकूं यावें. प्रत्येक अक्षरागणिक सर्व्हरकडे धांव न घेतां क्षणभर थांबावें. आणि आधींच्या अक्षराचें उत्तर मागाहून आलें, तर तें टाकून द्यावें. नाहींतर 'लोणी' लिहिलें असतां नुसत्या 'लो'चीं नांवें पुढें येतात.

आपल्या भाषेची अडचण आणखी निराळी. रोमन लिपींत ल आणि ळ यांस एकच अक्षर. म्हणून जळोचीची सहज 'जलोची' होते. संगणकाच्या युनिकोड संकेतांत मात्र हे दोन वर्ण भिन्न आहेत. कोणताही लिहिला तरी गांव सांपडलें पाहिजे. नांवें बदलतात, त्याचीही सोय हवी. अहमदनगर जिल्हा २०२४ सालीं अहिल्यानगर झाला. जुनें नांव लिहिणाऱ्या वृद्धासही राहाता तालुक्यांतील लोणी नव्या मथळ्याखालीं दिसावें.

तरुण मंडळी म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचें केवढें हें प्रस्थ! परंतु घरांतील वडील माणसास प्रत्येक वेळीं दुसऱ्यास हांक मारावी लागूं नये, ही गोष्ट लहान नव्हे. आजोबांच्या भगिनीस साडी अखेर मिळाली. पण ती भाऊबिजेची राहिली नव्हती.