जुन्या परदेशी पत्रावरील तिकीट कापू नये, ते का?

जुनी टपाल तिकिटे जमविणारे अनेक जण लिफाफ्याचा कोपरा कापून, पाण्यात भिजवून तिकीट अलग करतात. एकोणिसाव्या शतकातील परदेशी पत्रांच्या बाबतीत मात्र ही कृती कधीही भरून न येणारे नुकसान करते. अशा पत्रात तिकीट हा केवळ एक भाग असतो. पत्र कोठून निघाले, कोणत्या मार्गाने गेले आणि वाटेत त्यावर किती शुल्क आकारले गेले, याची साक्ष संपूर्ण लिफाफाच देतो. या अभ्यासाला ‘टपाल इतिहास’ म्हणतात.

याचे प्रसिद्ध उदाहरण मुंबईशी निगडित आहे. मॉरिशसने सप्टेंबर १८४७ मध्ये एक पेनी व दोन पेन्स किमतीची तिकिटे काढली. प्रत्येकी अवघी ५०० तिकिटे छापण्यात आली होती. त्यांपैकी आज तीसहून कमी तिकिटे ज्ञात आहेत. जानेवारी १८५० मध्ये मॉरिशसहून मुंबईतील बायबल सोसायटीच्या सचिवांना पाठविलेल्या पत्रावर एक पेनीची दोन तिकिटे होती. हे पत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातील एका बाजारात सापडले. १९६८ साली न्यूयॉर्क येथील लिलावात त्याला ३ लाख ८० हजार डॉलर मिळाले.

ती तिकिटे कोणी कापून घेतली असती, तर दोन दुर्मिळ तिकिटे जरूर उरली असती; परंतु त्यांच्या मॉरिशस ते मुंबई या प्रवासाचा पुरावा नष्ट झाला असता. याच मालिकेतील दोन्ही किमतींची तिकिटे असलेले, फ्रान्समधील बोर्दो येथे गेलेले पत्र १९९३ साली झुरिक येथे ५७ लाख ५० हजार स्विस फ्रँकना विकले गेले.

त्या काळी परदेशी टपालाला सर्वत्र लागू होणारा एकच नियम नव्हता. देशादेशांत स्वतंत्र करार होते. पुष्कळदा पाठविणाऱ्याला काही अंतरापुरतेच शुल्क भरता येई, उरलेली रक्कम पत्र घेणाऱ्याकडून वसूल केली जाई. त्यामुळे एकाच लिफाफ्यावर निरनिराळ्या टपाल खात्यांचे शिक्के आणि हाताने लिहिलेले आकडे आढळतात. ब्रिटिश टपालात शुल्क भरल्याची खूण सामान्यतः लाल शाईने, तर येणे रकमेची काळ्या शाईने केली जाई.

मार्गही महत्त्वाचा होता. भारतातून इंग्लंडला जाणारे टपाल इजिप्तमार्गे पाठविले जाऊ लागल्यावर आफ्रिकेला वळसा घालण्याचा दीर्घ प्रवास टळला. पुढे मार्सेलमार्गे जाणारे पत्र लवकर पोहोचे, पण त्याला दर अधिक पडे. साउदॅम्प्टनचा मार्ग स्वस्त, मात्र संथ होता. लिफाफ्यावर लिहिलेल्या मार्गावरून पाठविणाऱ्याची निकड आणि ऐपत या दोहोंचा अंदाज येतो. साथीच्या रोगांच्या भीतीने धुरी देण्यासाठी काही पत्रांना पाडलेल्या चिरा आजही दिसतात.

बर्न येथे ऑक्टोबर १८७४ मध्ये २२ देशांनी टपाल संघ स्थापन करण्याचा करार केला. भारत त्यात १८७६ मध्ये सामील झाला. दर व नियम एकसारखे होऊ लागले आणि पत्रांवरील खुणांची ही विविधता ओसरली. म्हणूनच त्यापूर्वीच्या पत्रांना अभ्यासक विशेष महत्त्व देतात.

घरात वा जुन्या पेढीच्या दप्तरात अशी पत्रे आढळल्यास ती आहेत तशीच ठेवावीत. चिकटपट्टी लावू नये, ओल व ऊन यांपासून ती जपावीत. बनावट शिक्के व तिकिटे असण्याची शक्यता ध्यानात घेऊन विक्रीपूर्वी तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार किमान ७५ वर्षे जुने आणि ऐतिहासिक मोल असलेले दस्तऐवज पुरावस्तू ठरू शकतात व खासगी व्यक्तींना पुरावस्तूंची निर्यात करता येत नाही, हेही लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

मोठ्या लिलावापर्यंत पोहोचणारी पत्रे विरळाच. परंतु एखाद्या सामान्य व्यापाऱ्याच्या पत्रावरूनही त्या काळातील जहाजांच्या फेऱ्या, टपालाचे दर आणि दूरदेशींचे संबंध उलगडतात. कापलेल्या तिकिटावरून मात्र हे काहीच कळत नाही.