वाटाण्याचे गणित आणि आपल्या मुलांचे रक्त

वधू-वर परिचय मेळाव्यात बायोडाटा वाचताना आम्हांला नेहमी एक गोष्ट जाणवते. उंची, शिक्षण, नोकरी, मूळ गाव, मामाचे आडनाव, सारे लिहिलेले असते. अलीकडे रक्तगटही लिहितात. पण ज्या रक्ततपासणीची आपल्या समाजाला खरी गरज आहे, तिचा रकाना सहसा नसतो. ती तपासणी म्हणजे सिकलसेलची.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पोटापाण्यासाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली. त्यांत विदर्भातले आपले बांधवही आहेत. शेजारी डहाणू, विक्रमगड, जव्हारकडच्या पाड्यांवर वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी राहतात. सिकलसेल हा आजार विदर्भातील बौद्ध समाजात आणि महाराष्ट्रातील आदिवासी समाजांत विशेष आढळतो. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे संशोधन 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. त्याला सहा दशके उलटून गेली. शास्त्रज्ञांना ठाऊक झालेली गोष्ट आपल्या चाळीत, पाड्यात पुरेशी पोहोचली नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

रक्तपेशींचा विळा

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. अगदी बारीक रक्तवाहिनीतूनही त्या वाकून पुढे सरकतात. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू कमी पडला की याच पेशी ताठर होऊन विळ्यासारख्या वाकतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. मग अंगात रक्त कमी पडते, डोळे पिवळे दिसतात, हातपाय आणि सांधे असह्य दुखतात, वरचेवर ताप येतो. मूल जन्मते तेव्हा चांगले दिसते. साधारण सहा महिन्यांनंतर त्रास सुरू होतो. घरचे लोक म्हणतात, दृष्ट लागली. कुणी अंगारा लावतो, कुणी गंडा बांधतो, आणि उपचाराची मोलाची वर्षे निघून जातात.

हा आजार संसर्गाने होत नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, कारखाने गेल्या काही दशकांतले. पण सिकलसेल त्यांच्या कितीतरी आधीपासून माणसाच्या रक्तात आहे. कारखान्यांच्या प्रदूषणाचे प्रश्न खरे आहेत, त्यासाठी वेगळे भांडलेच पाहिजे. हा आजार मात्र आईवडिलांकडूनच येतो. कसा येतो, ते कळले वाटाण्याच्या रोपांवरून.

मठातली वाटाण्याची बाग

आजच्या झेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरात, एका मठाच्या बागेत ग्रेगर मेंडेल नावाच्या धर्मगुरूने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची हजारो रोपे वाढवली. गोल दाण्याचे वाण आणि सुरकुतलेल्या दाण्याचे वाण यांचा त्याने संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती नाहीशी झाली असे वाटले. त्या दाण्यांपासून पुढची पिढी घेतली, तेव्हा सुरकुती परत आली. मेंडेलने दाणे मोजले. एकूण ७३२४, त्यांपैकी ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तीनास एक.

यातून त्याने ताडले की प्रत्येक गुणाचे दोन अंश असतात, एक आईकडचा आणि एक बापाकडचा. त्यांतला एक दबून राहतो, पण नष्ट होत नाही. पुढे दोन दबलेले अंश एकत्र आले की गुण प्रकट होतो. १८६६ साली हा निबंध छापला गेला, पण त्याचे महत्त्व जगाला कळले ते १९०० साली. मेंडेल त्याआधीच, १८८४ मध्ये वारला होता.

रक्ताचेही तसेच. चांगल्या अंशाला 'ए' म्हणू, सिकलच्या अंशाला 'एस'. दोन्ही 'ए' असलेला माणूस निरोगी. एक 'ए' आणि एक 'एस' असलेला तो वाहक. त्याला आजार नसतो, तो नेहमीसारखे काम करतो, आपण वाहक आहोत याचा त्याला पत्ताही नसतो. दोन्ही 'एस' असलेला तो रुग्ण.

घरातला हिशोब

आम्ही वाणिज्य शाखेचे, आयुष्य जमाखर्चात गेले. म्हणून हिशोब मांडून दाखवतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चार शक्यता असतात. चारांत एक शक्यता मूल पूर्ण निरोगी असण्याची, दोन वाहक असण्याच्या आणि एक रुग्ण असण्याची. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नाही. दर खेपेला हिशोब पहिल्यापासून.

जोडप्यात एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे दोन्ही अंश निरोगी असतील, तर मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही. फार तर वाहक होईल.

या हिशोबात एक न्यायाची गोष्ट आहे. रुग्ण मुलाला एक 'एस' आईने दिलेला असतो, दुसरा बापाने. तरीही घराघरांत दोष सुनेला लागतो. "हिच्या माहेरचेच रक्त खराब," असे म्हणणाऱ्या सासूबाईंनी आपल्या मुलाचाही अहवाल पाहावा.

वस्तीचा हिशोब

दबलेला अंश पिढ्या उलटल्या की आपोआप नाहीसा होतो का? हा प्रश्न सोडवला गणिताने. जी. एच. हार्डी हा केंब्रिजचा गणितज्ञ. पुढे १९१४ साली आपल्या रामानुजनांना ज्याने इंग्लंडला बोलावून घेतले, तोच. १९०८ साली त्याने 'सायन्स' या नियतकालिकाला एक छोटे पत्र लिहिले. साध्या गुणाकाराने त्याने दाखवले की केवळ पिढ्या गेल्या म्हणून असा अंश वाढतही नाही आणि घटतही नाही. जर्मनीतील डॉक्टर वाइनबर्ग यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच सांगितले. म्हणजे वाट पाहत बसून हा प्रश्न सुटणार नाही.

समजा, एका समाजात शंभरात २० जण वाहक आहेत. हा आकडा केवळ हिशोबापुरता. त्यांची लग्ने आपसांतच झाली तर १०० जोडप्यांत सरासरी ४ जोडपी अशी, की दोघेही वाहक. त्यांच्या चार मुलांमागे एक रुग्ण. म्हणजे त्या समाजात १०० जन्मांमागे १ रुग्ण. आता याच समाजातील मुलामुलींची लग्ने अशा समाजात झाली, जिथे शंभरात एकच वाहक आहे. मग ५०० लग्नांत असे एक जोडपे, आणि २००० जन्मांमागे १ रुग्ण.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात, जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचे मूळ आहे असे प्रतिपादन केले होते. त्यांचे विवेचन समाजशास्त्राचे होते, रक्ताचे नव्हते. पण ते बंद दार उघडले तर रक्ताचा हिशोबही हलका होतो. मामाच्या मुलीशी लग्नाची आपल्याकडे चाल आहे. आईच्या अंगातला 'एस' मामाच्या अंगातही असू शकतो, म्हणून नात्यात धोका अधिक.

हा कलंक नव्हे

१९४९ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. पुढे १९५० च्या दशकात व्हर्नन इंग्रम यांना कळले की त्या मोठ्या रेणूच्या साखळीतला केवळ एक दुवा बदललेला असतो. १९५४ साली डॉ. ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून मांडले की वाहकाला घातक हिवतापापासून संरक्षण मिळते. म्हणून हिवतापाच्या मुलखांत हा अंश टिकून राहिला. जंगलाच्या कडेने राहणाऱ्या, डासांशी झुंजणाऱ्या आपल्या पूर्वजांची ती ढाल होती. त्यात हलके रक्त, पूर्वजन्मीचे पाप असले काही नाही.

काय करावे?

प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबभर रक्तावर प्राथमिक तपासणी होते. त्यात 'एस' आहे एवढेच कळते. माणूस वाहक की रुग्ण, हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिससारखी दुसरी तपासणी लागते. ती झाल्याशिवाय घाबरू नये. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. आपल्या वस्तीसाठी शिबिर मागून घ्यावे.

रुग्णाने डॉक्टरी सल्ल्याने फॉलिक ॲसिड आणि गरजेप्रमाणे हायड्रॉक्सियुरिया घ्यावे, लसी चुकवू नयेत, पाणी भरपूर प्यावे, थंडी, ताप आणि अतिश्रम यांपासून जपावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्याचे प्रमाणपत्र मागावे. २०२३ साली इंग्लंड-अमेरिकेत जनुक दुरुस्तीच्या उपचारालाही मान्यता मिळाली, पण त्याचा खर्च कोट्यवधींचा आहे. आपल्या हाती आज आहे ती तपासणी.

ठरलेले लग्न मोडावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. दोघेही वाहक निघाले तरी निर्णय त्या दोघांचा. त्यांनी लग्न केले तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच तपासणी करता येते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेत अशा रक्तविकारांची गर्भावस्थेतील तपासणी होते.

आपण कुंडली सोडली, गुण जुळवणे सोडले, ते योग्यच केले. आता मेळाव्याच्या छापील अर्जात रक्तगटाच्या खाली एक ओळ वाढवा : सिकलसेल तपासणी झाली आहे का? आणि मुलीआधी मुलाला ती भरायला सांगा.