‘चोरणे’ या क्रियापदाची कथा

बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा पहिला कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. जात न सांगणाऱ्यास चोर ठरविणारी भाषा मुळात सवर्णांची. शीर्षककथेचा निवेदक तीच कबुलीजबाबासारखी प्रथमपुरुषात उच्चारतो आणि आरोपीच्या पिंजऱ्यात आरोप करणारेच उभे राहतात. रेल्वेतील नोकरीसाठी परमुलखात आलेला हा तरुण जात न सांगता खोली मिळवितो. ती उघड होताच मार खातो. ‘विद्रोह’मधील शिकणाऱ्या मुलापुढे तर बापाचेच मैला वाहण्याचे काम वाढून ठेवलेले असते. निवेदन अधूनमधून अतिनाट्याकडे झुकते, हे खरे. परंतु माटुंगा लेबर कॅम्पच्या वस्तीत घडलेल्या या लेखकाला नवकथेचा संयत, अंतर्मुख स्वर पुरणारा नव्हता.